लार्चचं बोन्साय: आधी त्याचं गाव पाहा, मग कुंडी घ्या

बोन्सायचा नाद लागला की पहिल्या सहा महिन्यांत मोबाइलवर लार्चचा फोटो दिसतोच. उथळ ट्रे, त्यात नऊ-अकरा सरळसोट खोडं आणि सगळं झाड हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. माणूस खुळावतो. मीही खुळावलो होतो. मी वरूड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यातला कास्तकार. कलमाचे डोळे बांधण्यात अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा एक परदेशी झाड कुंडीत जगवणं आपल्याला काय जड, असं वाटलं. जड गेलं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे पैसे आणि एक उन्हाळा वाचावा, म्हणून हे लिहितोय: लार्च मुळात कुठं वाढतं, कसं वाढतं, कुंडीत त्याला कसं सांभाळतात आणि आपल्या गच्चीवर त्यातलं काय जमतं.

पायरी पहिली: झाड नीट ओळखा

लार्च हे चीड-देवदारच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव लॅरिक्स, जगभरात त्याच्या दहा-बारा जाती. सूचिपर्णी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बारा महिने हिरवं झाड येतं. लार्च तसं नाही. त्याची सुईसारखी पानं शरद ऋतूत पिवळी होतात आणि सगळीच्या सगळी गळतात. हिवाळाभर झाड उघडंबोडकं उभं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वाळलंय असंच वाटतं.

ओळखायची खरी खूण फांदीवर आहे, आणि बोन्सायचा सगळा खेळ तिच्यावरच चालतो, म्हणून इथं जरा थांबू. लार्चला दोन प्रकारच्या डहाळ्या येतात. एक लांब डहाळी, त्याच वर्षी सरसर वाढणारी. तिच्यावर सुया एकेकट्या, मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या असतात. दुसरी आखूड डहाळी. तिला डहाळी म्हणणंही जास्त होईल, दाण्याएवढा खुंटच तो. वर्षाला ती मिलिमीटरभर वाढते, आणि तिच्या टोकाला वीस-तीस-चाळीस मऊ सुयांचा झुबका फुटतो. लार्चचं झाड दुरून धुरासारखं हलकं दिसतं ते या झुबक्यांमुळे. हेच खुंट पुढं डोळ्यांचं काम करतात. लांब डहाळी एखाद्या खुंटाजवळ कापली, तर तो खुंट जागा होऊन नवी लांब डहाळी देऊ शकतो. संत्र्याची छाटणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपणही पानसोट (नुसता पाला देणारी फांदी) काढतो आणि फळफांदीचा डोळा राखतो.

मादी शंकू वसंतात फांदीवर ताठ उभे राहतात, लालसर-गुलाबी, छोट्या गुलाबाच्या कळीसारखे. पुढं ते तपकिरी होतात आणि बी उडून गेलं तरी वर्षानुवर्षं फांदीला चिकटून राहतात. जात ओळखायला हे शंकू कामी येतात. जपानी लार्चच्या शंकूची खवलं टोकाला बाहेर वळलेली असतात आणि कोवळी डहाळी लालसर असते. युरोपीय लार्चची खवलं सरळ, डहाळी गव्हाच्या काडीच्या रंगाची.

पायरी दुसरी: त्याचं गाव पाहा

युरोपीय लार्च आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांतलं. आल्प्समध्ये ते २,४०० मीटरच्या आसपासपर्यंत चढतं, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर. जपानी लार्च होन्शू बेटाच्या मधल्या डोंगरांतलं, ज्वालामुखीच्या भुसभुशीत मातीत वाढणारं. उत्तर अमेरिकेतलं टॅमरॅक कॅनडाभर पसरलंय. ते दलदलीतही उभं राहतं आणि उणे ६० अंशांच्या खाली गेलेली थंडी काढतं. सैबेरियातल्या डाहुरियन लार्चची तर कमालच आहे. तैमिर द्वीपकल्पावर, उत्तर अक्षांश ७२ अंशांच्याही पुढं, पृथ्वीवरची सगळ्यात उत्तरेची झाडं म्हणून तीच मोजतात. तिथं जमीन खाली बाराही महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हातच थर वितळतो. लार्चची मुळं त्या पातळ थरात आडवी पसरतात आणि तेवढ्यावर झाड शंभर-दोनशे वर्षं काढतं.

वाचता वाचता तुमच्या डोक्यात आलंच असेल की उथळ थर, आडवी मुळं, खुजं झाड, म्हणजे हे निसर्गानंच केलेलं बोन्साय झालं. अगदी तसंच आहे. उथळ ट्रेमध्ये लार्च सुखानं राहतं ते यामुळेच.

आपल्या देशातही लार्च आहे. हिमालयातली जात, लॅरिक्स ग्रिफिथी, पूर्व नेपाळ, सिक्कीम, भूतान, अरुणाचल या पट्ट्यात सापडते. जोसेफ डाल्टन हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला. ही जात त्यानंच वर्णन केली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ याचं नाव तिला दिलं. तिच्या फांद्या खाली झुकतात आणि शंकू सगळ्या लार्चमध्ये लांब, मोठ्यातला मोठा अकरा सेंटिमीटरपर्यंत. ती भेटते तीन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर. तेव्हा कुणी ‘भारतीय लार्च आहे, आपल्याकडे चालेल’ म्हणून रोप खपवत असेल तर त्याला विचारा, की भारतात कुठलं?

या सगळ्या गावांत तीन गोष्टी सारख्या आहेत. एक, हिवाळा लांब आणि खरोखरीचा, महिनोन्महिने गोठवणारा. दोन, उन्हाळा छोटा आणि सौम्य, रात्री थंड. तीन, लख्ख उजेड. लार्चला सावली अजिबात खपत नाही. दरड कोसळली, वणवा गेला, हिमनदी मागं सरली की उघड्या पडलेल्या जमिनीवर सगळ्यांआधी येणाऱ्या झाडांत ते असतं. दुसरी झाडं वर येऊन त्याच्यावर सावली धरू लागली, की ते हळूहळू माघार घेतं.

जमिनीखालीही त्याचा एक सोबती असतो. लार्चच्या मुळांवर बुरशी जगते आणि झाडाला पाणी, क्षार ओढून देते. सुइलस ग्रेव्हिली नावाची पिवळी-नारिंगी छत्री तर लार्चच्याच पायाशी उगवते. कुंडी बदलताना जुनी माती धुऊन साफ करायची नाही, थोडी ठेवायची, हा नियम तिथून आला.

पायरी तिसरी: ताणाचा हिशेब करा

हे संत्र्याच्या भाषेत सांगतो, कारण मला स्वतःला ते त्याच भाषेत कळलं.

आंबिया बहार घ्यायचा तर आपण डिसेंबर-जानेवारीत बगीच्याचं पाणी तोडतो. झाड ताणावर सोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड गप्प बसतं. मग आळं करून, खत देऊन पाणी सोडलं की फूट आणि फूल एकदम येतं. मृग बहाराचा ताण एप्रिल-मेमध्ये असतो, मग पावसावर फूल. ताण बसला नाही तर झाड नुसतं पाला काढत राहतं. ताण फार झाला तर सल (वाळलेल्या काड्या) वाढते. कितव्या दिवशी पाणी सोडायचं, यावर आमच्याकडे पारावर भांडणं होतात.

लार्चलाही ताण लागतो, पण त्याचा ताण थंडीचा. दिवस लहान होऊ लागले की ते ओळखतं, सुयांतलं अन्न खोडात ओढून घेतं (पिवळा रंग दिसतो तो त्यामुळेच), सुया टाकतं आणि झोपतं. झोपेतून नीट उठायला त्याच्या डोळ्यांना अनेक आठवडे गोठणबिंदूच्या आसपासची थंडी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे अर्धवट फुटतात, काही फुटतच नाहीत. एक वर्ष साठवणीवर निघतं, दुसऱ्या वर्षी झाड खंगतं.

आता आपला हिशेब मांडा. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा आठ-दहावर येतो आणि दुपारी परत २८ वर जातो. एखाद्या रात्री चार-पाच अंश झाले तरी ती थंडी सकाळी नऊपर्यंत टिकते. मग मे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश झाले होते. चंद्रपूर, ब्रम्हपुरी तर त्यासाठीच ओळखली जातात. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) कित्येकदा रात्रीही पारा तीसच्या खाली उतरत नाही. झाड दिवसा अन्न तयार करतं आणि रात्री श्वासावर खर्च करतं. रात्र गरम असली की खर्च वाढतो, आणि दिवसाच्या उन्हात लार्चसारख्या झाडाचं कमावणं बंद पडतं. जमा कमी, खर्च जास्त. त्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी हाताला चटका देते, मग आतल्या मुळांचं काय होत असेल ते सांगायला नको.

चिखलदऱ्याला जमेल का, असं मला दोघांनी विचारलं. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर. तिथं कॉफी होते. जिथं कॉफीला हिवाळा सोसतो, तिथं लार्चला हिवाळा पुरत नाही. एवढ्यावरून समजा.

मधेच माझी फजिती

मी ऑनलाइन बी मागवलं होतं. पाकिटावर लार्चचा तोच पिवळा फोटो आणि खाली ‘घरात ठेवण्यास योग्य’. लार्च घरात ठेवण्यास कुठल्याच देशात योग्य नाही, ते बाहेरचंच झाड. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वीस बिया होत्या, जवसाच्या दाण्याएवढ्या, एका बाजूला पातळ पंख. लार्चच्या बियांना पेरण्याआधी तीन-चार आठवडे ओली थंडी दिली की उगवण चांगली होते. म्हणून ओल्या रेतीत घालून डबा फ्रीजमध्ये ठेवला. आठवड्याभरानं आईनं तो उघडला. “कायचं बी हाय रे हे? जवस त नाही वाटत,” म्हणाली. अजून दोन दिवस गेले असते तर चटणी झाली असती.

जानेवारीत पेरलं. सात उगवल्या. दोऱ्यासारखं देठ, वर पाच-सहा सुयांची छत्री. फेब्रुवारीत इतकी देखणी दिसत होती की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. मार्चअखेर टोकं तपकिरी झाली. एप्रिलमध्ये रोपं आतल्या खोलीत आणली, तर उजेड कमी पडून ती लुळी पडली. शेवटचं एक मी कूलरपुढं ठेवलं. शेजारचे काका दारातून बघत होते. म्हणाले, “आता याले सफरचंदाचा ज्यूस बी पाजतं का बापा?” १२ मे रोजी ते गेलं. तारीख लक्षात आहे, कारण त्याच दिवशी कूलरचा पंपही जळाला.

पायरी चौथी: थंड मुलखात कुणी असेल तर

मुलगी जर्मनीत, भाचा कॅनडात, हे आता आमच्या तालुक्यातही नवं नाही. त्यांच्या बाल्कनीत लार्च उत्तम होईल, तुम्ही इथून व्हिडिओ कॉलवर लक्ष ठेवा. मात्र येताना बॅगेत रोप आणायला सांगू नका. परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय रोपं देशात आणणं कायद्यात बसत नाही, आणि आणून करायचं काय, ते वर सांगितलंच.

नवख्यानं बियांपासून सुरुवात करू नये. नर्सरीतलं तीन-चार वर्षांचं जपानी किंवा युरोपीय लार्चचं रोप घ्यावं. बुंध्याशी जाड, खाली फांद्या असलेलं. उंची पाहून भुलू नये, उंची कापायचीच आहे. लार्च तरुणपणी जमिनीत भराभर वाढतं, त्यामुळे बुंधा जाड हवा असेल तर दोन-तीन वर्षं जमिनीत सोडून मग उचलणं हा कुंडीपेक्षा जवळचा रस्ता.

कुंडी बदलायची वेळ हीच यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. वसंताच्या तोंडाशी डोळे फुगतात आणि टोकाला हिरवी ठिपकी दिसते. सुया उघडायच्या आत काम उरकायचं. ही संधी दोनेक आठवड्यांची. आधी केलं तर कापलेली मुळं थंडीत कुजतात, उशीर झाला तर कोवळ्या सुया पाण्यावाचून माना टाकतात. तरुण झाडाची कुंडी दोन-तीन वर्षांनी, म्हाताऱ्याची चार-पाच वर्षांनी. माती झरझरीत, किंचित आंबट.

मग वाढीचे दिवस. पूर्ण ऊन, भरपूर पाणी, नियमित खत. लार्च पाण्याला हपापलेलं झाड आहे, कुंडी पूर्ण सुकलेली त्याला एकदाही चालत नाही. लांब डहाळ्या सुटू लागल्या की काही नखानं खुडायच्या, काही वाढू देऊन नंतर दोन-तीन खुंटांवर कापायच्या. सगळ्याच खुडल्या तर झाड कमजोर होतं, सगळ्याच सोडल्या तर शेंड्याकडं जोर जाऊन खालच्या फांद्या सुकतात. सुयांवर कापसाच्या पिंजेसारखं पांढरं दिसलं तर ती मावावर्गातली कीड, आणि ती वेळीच धुवावी-फवारावी लागते. शंकू फार लागले तर निम्मे काढा. छोट्या झाडावर शंकूंचा भार म्हणजे तीन वर्षांच्या कलमावर संत्री धरण्यासारखंच.

पानं गळाली की झाडाचा सांगाडा उघडा पडतो. तार बांधायला आणि मोठी छाटणी करायला हिवाळ्याचा शेवट बरा, कारण तेव्हा काहीच लपत नाही. एक-दोन वर्षांची फांदी वेतासारखी वाकते. जाड फांदी मात्र काहीही न सांगता बुडाशी फटकन मोडते. वसंतात खोड झपाट्यानं फुगतं, तेव्हा तार आठवड्या-आठवड्याला तपासा. एकदा रुतली की वळ वर्षानुवर्षं राहतात.

आणि हिवाळ्यात झाड बाहेरच. भाचा दया येऊन हीटरच्या खोलीत आणेल, त्याला आवरा. बोचऱ्या वाऱ्यापासून मुळं झाकली की पुरे.

पायरी पाचवी: इकडचा लार्च शोधा

विदर्भातलं जंगल पानगळीचं आहे. आपली झाडंही झोपतात, फक्त थंडीऐवजी कोरडीला भिऊन. साग, मोई, सालई, पळस, सगळे आपापल्या वेळी उघडे होतात. तेव्हा लार्चमधून जे आपल्याला आवडलं (उघडा सांगाडा, बारीक पाला, पिवळेपणा, राठ साल, झाडांची रांग), ते इथल्या कुठल्या झाडात मिळतं, असा प्रश्न विचारायचा. पुष्कळजण सुरूचं झाड सुचवतात. सुरू दिसायला सूचिपर्णी, उन्हाला दणकट, तैवानमध्ये त्याचं बोन्साय नावाजलेलं. पण ते पान गाळत नाही, म्हणून माझ्या हिशेबात बसत नाही. मी दोन झाडांवर येऊन थांबलो.

पहिलं आवळा. आवळ्याची ज्याला आपण पानाची शीर समजतो ती खरं तर एक बारीक डहाळी असते आणि तिच्यावर चिमुकली पानं दोन रांगांत बसलेली असतात. ही डहाळी पानांसकट गळते. ती जिथून फुटते ती जागा फांदीवर गाठीसारखी उठून दिसते आणि त्याच गाठीतून पुढच्या वर्षी पुन्हा झुबका येतो. लार्चचा खुंट आठवा! गाठीवर कापलं तर आवळाही तसाच जागा होतो. हिवाळ्याच्या शेवटी पाला पिवळा पडून झाड रिकामं होतं. पिवळेपणा लार्चइतका झळझळीत नसतो, आपल्याला फिक्या लिंबाच्या सालीवर समाधान मानावं लागतं.

रोप मिळवायला जंगलात कुदळ घेऊन जाऊ नका. मेळघाट काय किंवा साधं राखीव वन काय, तिथून झाड उपटणं गुन्हा आहे. स्वतःच्या धुऱ्यावर (बांधावर) उगवलेलं असेल तर उत्तम. नाहीतर गावठी आवळे उन्हात वाळवा, आतली आठळी तडकून बिया बाहेर येतात. त्या रात्रभर भिजवून पेरा. कलमी आवळ्याच्या मागं लागू नका. पान लहान करता येतं, फळ लहान करता येत नाही, आणि वीतभर झाडाला लिंबाएवढा आवळा लोंबकळताना पाहवत नाही. तार कोवळ्या फांदीलाच घाला. आवळ्याचं लाकूड ठिसूळ असतं, वाकवता वाकवता हातात येतं.

दुसरं झाड चिंच, आणि नवख्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. फोटोतलं ते रांगेतलं जंगल चिंचेनं सगळ्यात लवकर उभं राहतं. चिंच पूर्ण उघडी होत नाही, पण पाला बारीक, साल लवकर राठ होणारी, आणि चुकांना माफ करणारं झाड. मृगाच्या सुमारास पंधरा-वीस चिंचोके रात्रभर भिजवून पेरा. सहा पानं आली की उपटून सोटमूळ निम्मं कापा आणि परत लावा, म्हणजे मुळं आडवी पसरतात. पुढच्या पावसाळ्यात त्यातली सात किंवा नऊ निवडा. सगळी सारखी नकोत. एक जाड आणि उंच, दोन-तीन मध्यम, बाकी किरकोळ. उंच झाड ट्रेच्या बरोबर मध्ये कधीच लावायचं नाही, थोडं डावीकडे किंवा उजवीकडे घ्या. समोरून पाहताना एका खोडाआड दुसरं पूर्ण लपू नये आणि तीन खोडं एका ओळीत येऊ नयेत. आपण बगीचा लावतो तशी दोरी धरून लावू नका. माझं पहिलं जंगल तसंच झालं होतं, संत्र्याचा प्लॉट वाटायचा. मुळांना ट्रेच्या भोकांतून तार ओवून बांधा, नाहीतर पहिल्याच वावटळीत जंगल आडवं होतं.

पायरी सहावी: माती आणि उन्हाळा

काळी माती कुंडीत घालू नका. वावरात ती सोनं असेल, ट्रेमध्ये ती भिजली की लोणी आणि सुकली की दगड. भेगा पडतात तेव्हा बारीक मुळं तोडूनच पडतात. मी घेतो तो माल असा: दोन भाग भट्टीतल्या पक्क्या विटांचा चुरा, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. वीट पक्की आहे का, ते एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून पाहा. सकाळी बोटानं चुरगळली तर ती वीट घराला द्या. चुरा आधी गव्हाच्या चाळणीनं चाळायचा, वर राहिलेले मोठे खडे बाजूला. मग खाली पडलेलं पिठाच्या चाळणीतून काढायचं आणि जी भुकटी पडेल ती टाकून द्यायची. दोन्ही चाळण्यांच्या मध्ये जे उरतं ते आपलं. चाळण्या मात्र वेगळ्या विकत घ्या. स्वयंपाकघरातली नेली तर काय होतं, ते मी लिहीत नाही.

खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी, म्हणजे पूर्णा खोऱ्याकडच्यांनी, विहिरीचं पाणी ट्रेला देऊ नये. पानांच्या कडा जळतात, मातीवर पांढरी साय धरते. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवा, दोन-चार ट्रेंना पुष्कळ दिवस पुरतं.

एप्रिल लागला की ट्रे गच्चीच्या सिमेंटवरून उचला. माठाखाली आपण ओली रेती ठेवतो तशी एका टोपल्यात जाड रेती भरून ती ओली करा आणि ट्रे तिच्यात बसवा. वर हिरवी जाळी. सकाळी सातच्या आत एक पाणी, सूर्य उतरल्यावर दुसरं. भर दुपारी पाइपमधून उकळतं पाणी येतं, ते सोडू नका. खत या दिवसांत बंद. मृगाचे दोन पाऊस नीट झाले की जाळी काढा आणि खत सुरू करा. कात्रीची मोठी जखम झाली असेल तर तिला बोर्डो मलम लावा, संत्र्याला लावतो तेच, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ट्रेसाठी अर्थात चमचाभरच लागतो, तेव्हा बगीच्याला करताना उरलेलं वापरा.

आवळ्याच्या कुंडीची वेळ मात्र लार्चवरूनच उचललेली आहे: डोळा फुगलेला, पान न उघडलेलं. आमच्याकडे ती फेब्रुवारीत येते, महिना कधी मागंपुढं. परवा काका गच्चीवर आले, उघड्या आवळ्याकडं पाहून म्हणाले, “हे बी गेलं वाटते.” मी नखानं साल जराशी खरवडली. आतून हिरवीगार होती, आणि गाठींवर मोहरीएवढे डोळे फुगले होते. चाळण्या घेऊन बसलो, काकांनाही एक चाळणी दिली.